खिलार असा का दिसतो? वशिंडापासून खुरापर्यंत सगळं सांगतो

परवा एका मित्राचा फोन आला. पुण्यात नोकरी करतो, गावाकडं थोडी जमीन आहे, हौसेनं खिलार गाय घेतली आणि ती नुकतीच व्याली. आवाज एकदम पडलेला. म्हणाला, अरे फसवलं मला, गाय जातिवंत नाहीच, वासराच्या टाळूवर तांबूस केस आहेत, कुठलातरी लाल वळू लागलेला असणार. मला हसूच आवरेना. खिलारीचं वासरू जन्मतानाच टाळूवर गंजल्यासारखा तांबूस रंग घेऊन येतं आणि दोनेक महिन्यांत तो आपोआप उडून जातो, मग वासरू कापसासारखं पांढरं. म्हणजे ज्या गोष्टीवरून हा गडी भेसळ ओळखत होता ती तर जातीतलीच निघाली. ते ऐकून जरा शांत झाला आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "बरं मग दूध किती देईल?"

हा प्रश्न खिलारीला विचारणं म्हणजे पळणाऱ्या पोराला तू किती जेवतोस असं विचारण्यासारखं आहे. उत्तर देतो, दिवसाला दोन-तीन लिटर, त्यातलं वासराला सोडलं की घरात चहापुरतं. एका वेताचं सगळं दूध धरलं तरी सरासरी चारशे लिटरच्या अलीकडंच राहतं, विलायती होल्स्टीन गाय एवढं दूध महिन्याभरात देऊ शकते. तरीपण माणदेशात आजही लोक लाखात पैसे मोजून खिलार खोंड घेतात, ते काय वेडे म्हणून नाही. ही जात दुधासाठी बनलेलीच नाही. ती चालायला, ओढायला आणि कमी पाण्यात, कमी वैरणीत टिकायला बनलीय, आणि तिच्या अंगाचा एकेक भाग बघितला तर ते दिसतं. तेच आज जरा सावकाश सांगतो.

आधी गाव-पत्ता. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप, त्यावरूनच जातीला नाव पडलं, बोलताना आपण खिलार म्हणतो. मूळ मुलूख सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूरचा काही भाग आणि पलीकडं विजापूर-बेळगाव. त्यातही खरं माहेर म्हणजे माणदेश, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा पट्टा. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोपण आला तर आला. जमीन मुरमाड, माळरान, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, आणि विहीर, शेत, बाजार सगळं एकमेकांपासून लांब लांब. या जातीचं मूळ म्हैसूरच्या हल्लीकर गुरांत आहे असं मानतात. म्हैसूरच्या राजांनी फौजेचं सामान वाहायला हे बैल मुद्दाम पैदा करून ठेवले होते, पुढं टिपू सुलताननं त्या खात्याला अमृतमहाल असं नाव दिलं. टिपू पडल्यावर ते बैल इंग्रजांच्या हातात गेले आणि १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्याचं सामान ओढायला म्हैसूरचे बैल होते. आपल्या बैलांचे चुलते आपल्याच विरुद्ध, असो. सांगायचा मुद्दा एवढाच की या रक्तात पहिल्यापासून निवड झाली ती वेगाची आणि दमाची, दुधाची नाही. माणदेशात आल्यावर धनगर, शेतकरी आणि औंधसारखी संस्थानं यांनी ती निवड तशीच पुढं चालू ठेवली. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, म्हणून एका प्रकाराला आजही आटपाडी महाल म्हणतात.

आता अंगाकडं येऊ. सगळ्यात आधी उष्णता, कारण माणदेशात पहिली लढाई तिच्याशीच आहे.

गाय ही चालती-फिरती भट्टी असते. पोटातल्या मोठ्या कप्प्यात वैरण आंबत असते आणि त्यातून सतत उष्णता तयार होते, वर दूध जास्त बनवायचं म्हटलं की आणखी उष्णता. थंड देशातल्या जनावराला हिवाळ्यात ते बरंच पडतं पण इथं एप्रिल-मेमध्ये तेच जिवावर येतं. होल्स्टीन गाय पंचवीस-सव्वीस डिग्रीच्या पुढं अस्वस्थ व्हायला लागते, खाणं कमी करते, धापा टाकते, म्हणून तर गोठ्यात फॉगर आणि पंखे लावावे लागतात. वशिंडवाल्या सगळ्याच देशी गुरांना निसर्गानं इथं दोन-तीन सोयी दिल्यात. त्यांच्या शरीराचा मूळ खर्चच कमी, म्हणजे नुसतं जगण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते ती कमी लागते, त्यामुळं आतली भट्टी मुळातच मंद. दुसरं म्हणजे घामाच्या ग्रंथी मोठ्या, पिशवीसारख्या आणि कातड्याच्या वरच्या बाजूला असतात, त्यामुळं घाम सुटून अंग गार करायचं काम नीट होतं. आणि तिसरं केस, आखूड, तुळतुळीत, अंगाला चिकटलेले, म्हणजे वारा थेट कातड्याला लागतो. जर्सी-होल्स्टीनच्या अंगावर त्यामानानं गोधडीच असते.

खिलारीत यावर रंगाची भर. वरून केस पांढरे किंवा करडट पांढरे, पण हातानं केस बाजूला करून बघा, खाली कातडं बहुतेकदा काळपट दिसेल. पांढरा केस ऊन परतवतो, खालचा काळा रंग उन्हातल्या भाजणाऱ्या किरणांना आत जाऊ देत नाही. बाहेर पांढरी छत्री आणि आत काळं अस्तर असं समजा. पांढरं कातडं आणि वर काळे केस असं उलटं असतं तर मेमध्ये काय झालं असतं याचा विचारच नको.

बैलांच्या बाबतीत अजून एक गंमत, वळूचा रंग गायीपेक्षा गडद असतो, मान, वशिंड, पुढचे खांदे आणि मागचा भाग काळपट करडा होतो, वयात आल्यावर जास्तच. हे नर हार्मोनचं काम आहे, म्हणून खच्ची केलेला बैल हळूहळू परत उजळ होत जातो. बाजारात काजळी खिलार, कोसा खिलार अशी नावं ऐकाल ती या रंगाच्या छटांवरून पडलेली आहेत, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा काळा घेर असलेला देखणा खोंड दिसला की लोक गर्दी करून उभे राहतात. देखणेपणाला पैसे पडतात हे मान्य, पण औताला रंग लागत नाही, हे माझे आजोबा प्रत्येक बाजारात म्हणायचे आणि मग स्वतः काजळीच बघत बसायचे.

वशिंड. यावर एवढे गैरसमज आहेत की विचारू नका. वशिंडात पाणी साठवत नाहीत, वशिंड म्हणजे मानेच्या-खांद्याच्या वरचे स्नायू आणि त्यात मिसळलेली चरबी. मोबाईलवर फिरतं तसं त्यात सूर्यकेतू नावाची नाडी वगैरे काही नसतं जी उन्हातून सोनं शोषून दुधात टाकते, शरीर उघडून बघितलेल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा. गाईचं वशिंड छोटं, वळूचं मोठं आणि भरलेलं. पण औताला त्याचा उपयोग फार मोठा आहे. जू ठेवतात ते मानेवर, वशिंडाच्या बरोबर पुढं, आणि बैल पुढं रेटा देतो तेव्हा जू मागं सरकून वशिंडाला टेकतं, तिथून सगळा जोर लागतो. म्हणजे वशिंड हा ब्रेकचा ठोकळा झाला. जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकरातून झालेल्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं किंवा नावापुरतं असतं, मग जू मागं घसरतं, खांदा सोलतो, वरून ऊन सोसत नाही, दहा-अकरा वाजले की जीभ बाहेर. संकरित गायी आल्या आणि दूध वाढलं हे खरंच आहे, पण त्यांच्या गोऱ्ह्यांचं करायचं काय हा प्रश्न त्याच दिवशी गोठ्यात आला.

बैल किती ओढतो याचा एक ढोबळ हिशोब आहे, दिवसभर न थकता ओढायचं तर स्वतःच्या वजनाच्या साधारण दहा टक्के जोर. चांगला खिलार बैल साडेचारशे-पाचशे किलोचा, म्हणजे जोडी नव्वद-शंभर किलोचा रेटा तासन्‌तास देऊ शकते. झटका मारायची वेळ आली, गाडी चिखलात रुतली, तर थोडा वेळ याच्या कितीतरी पट. मग एखादा म्हणेल की वजनदार जात असली तर जास्त ओढेल, बरोबर आहे, ओढेल, पण हळू ओढेल आणि जास्त खाईल. खिलारचा भाव वजनाला नाही, वेगाला आहे. माणदेशात पेरणीला ओल मिळते ती दोन-चार दिवसांची, तेवढ्यात पाभर फिरली पाहिजे नाहीतर बी वाया. तिथं पटपट पाय उचलणारी जोडी म्हणजे अख्ख्या वर्षाचं पीक.

त्या वेगासाठी अंग कसं आहे बघा. पाय लांब, सरळ, गोल हाडाचे, मांसानं भरलेले नाहीत पण शिरा-स्नायू स्पष्ट दिसणारे. उंची पाठीपर्यंत साडेचार फुटांच्या आसपास. धड लांबट, पोट सुटलेलं नाही, फासळ्या गोलाकार, पाठ सरळ. कातडं अंगाला घट्ट, शिवून बसवल्यासारखं, गळ्याखालची पोळी छोटी, पोटाखाली बेंबीजवळची झोळपण आखूड. आता गीर गाय डोळ्यापुढं आणा, लांब लोंबती पोळी, लोंबते कान, सैल कातडं, भरदार शरीर. दोन्ही देशी, दोन्ही वशिंडाच्या, पण एक दुधाकडं गेली, एक पळायला गेली. पळणाऱ्याच्या अंगावर लोंबणारं काही नको, बाभळीच्या काट्यात अडकायला नको, पायात यायला नको.

इथं एक शंका हुशार माणसाला येईलच. पुस्तकात लिहितात की पोळी आणि सैल कातडं यामुळं अंगाचं क्षेत्रफळ वाढतं आणि उष्णता बाहेर जाते. मग खिलारची पोळी छोटी असून तो उन्हात कसा टिकतो? मलाही हा प्रश्न बरीच वर्षं होता. १९५०च्या दशकात अमेरिकेत लाल सिंधी बैलांवर एक प्रयोग झाला होता, ऑपरेशन करून वशिंड आणि पोळी काढून टाकली आणि मग गरमीत ठेवून बघितलं, तर उष्णता सोसण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे मुख्य काम पोळीचं नाहीच, ते कातड्याचं, घामाचं, केसांचं आणि आतल्या मंद भट्टीचं आहे. आणि खिलार तर सडपातळ, सडपातळ शरीराला वजनाच्या मानानं कातडं जास्त मिळतं, जाड्या माणसापेक्षा बारीक माणसाला उकाडा कमी होतो तसंच.

खुराबद्दल थोडक्यात. काळा, घट्ट, लहान खूर, मधली फट चिकटलेली. मुरमाड रानात आणि गोट्याच्या वाटेवर मऊ पसरट खूर महिन्यात झिजतो. डांबरी रस्त्यावर मात्र कितीही चांगला खूर असला तरी पत्री मारावीच लागते, ऊस वाहतुकीच्या गाडीला जुंपलेल्या बैलाची तर हमखास.

डोकं लांब आणि अरुंद, कपाळ थोडं पुढं आलेलं, आणि कपाळाच्या मधोमध नाकाकडं उतरणारी एक पुसट खाच. डोळे लांबट, कान छोटे, टोकदार आणि सतत हलणारे. शिंगं मुळाशी एकमेकांच्या अगदी जवळ, तिथून मागं जातात आणि मग धनुष्यासारखी वळून वर निघतात, टोकाला एकदम अणकुचीदार. ही शिंगं नुसती शोभेची नाहीत, आत हाडाचा गाभा असतो, त्यात भरपूर रक्त खेळतं आणि तो गाभा डोक्यातल्या पोकळीला जोडलेला असतो. म्हणून शिंग मुळात मोडलं तर रक्ताची धार लागते आणि कधी नाकातूनही रक्त येतं, घाबरून जाऊ नका पण डॉक्टरला लगेच बोलवा. आपल्याकडं बेंदराला शिंगं साळतात, रंगवतात, ते करताना वरची मेलेली पापुद्र्याची थरच काढा, काही लोक चमक यावी म्हणून इतकं साळतात की खाली गाभा लागायचा बाकी राहतो. आणि लांब शिंगांचा खरा तोटा सांगतो, शिंगाचा कॅन्सर. मध्यम वयाच्या, खच्ची केलेल्या, लांब शिंगाच्या देशी बैलांत तो जास्त दिसतो. बैल सारखं डोकं झटकतो, एका बाजूला मान कलती धरतो, एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येतं, शिंग बुडाशी मऊ लागतं, आणि शेवटी वाकतं. सुरुवातीला कळलं तर शिंग कापून बैल वाचतो. उशीर झाला तर नाही.

आता कपाळावरची भानगड, म्हणजे भोवरा आणि गोम. केसांचं चक्र फिरतं तो भोवरा, केसांची रेघ उलटी जाते ती गोम. बाजारात जुनी माणसं बैलाभोवती फिरून गोम कुठं आहे, भोवरा किती, कुठल्या बाजूला वळलाय हे सगळं बघतात, आणि एखादी अशुभ जागची गोम निघाली की पन्नास हजारांचा बैल पस्तिसावर येतो. "यात काहीतरी गोम आहे" असं आपण म्हणतो ते यावरूनच. मी हे सगळं थोतांड समजायचो, अजूनही शुभ-अशुभ मानत नाही, पण अमेरिकेत गुरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या टेम्पल ग्रँडिन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असं मांडलं की कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर असलेली गुरं पकडून ठेवली की जास्त बिथरतात, भोवरा खाली असलेली त्यामानानं शांत. कारण म्हणे केस आणि मेंदू गर्भात एकाच थरातून तयार होतात. आता याचा अर्थ मालक मरतो, घराला साडेसाती लागते असा कुणी काढू नये, पण जनावराचा स्वभाव कपाळावर थोडाफार लिहिलेला असू शकतो एवढं त्या म्हाताऱ्यांच्या बाजूनं बोलायला जागा आहे.

स्वभावाचं निघालंच आहे तर स्पष्ट बोलतो, खिलार तापट असतो. चपळ जनावर म्हणजे मज्जातंतू कायम ताठ, अनोळखी माणूस, छत्री, फटफटी, काहीही दिसलं की कान टवकारतो. एका हाताची सवय लागते, तो हात सोडून दुसऱ्यानं दावं सोडायला गेलं की शिंग उगारतो. गायपण तशीच, परक्यानं धार काढायला बसायचं धाडस करू नये. शहरातून आलेले लोक गळ्यात हात टाकून फोटो काढायला जातात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

जातीचे प्रकार सांगायचे तर आटपाडी महाल म्हणजेच हणम खिलार, मग म्हसवड, मग नकली, आणि वर खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याला तापी खिलार, त्याला थिल्लारीपण म्हणतात. नकली हे नाव ऐकून डुप्लिकेट समजू नका, तो प्रकारच आहे, त्याच्या पुढच्या अंगावर विटेच्या भुकटीसारखी तांबूस झाक असते. तापी खिलार पांढरा, पण नाक आणि खूर गुलाबी-गाजरी रंगाचे. आमच्या भागातली माणसं गुलाबी नाकाला नाक मुरडतात, खानदेशातली माणसं आमच्या भागाला मुरडत असतील.

जमीन बदलली की अंग कसं बदलतं याचं उदाहरण हवं तर लांब जायला नको. अकोले-इगतपुरीच्या बाजूला डांगी जात आहे, तिथं पाऊस हजारो मिलिमीटर. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळं पाणी अंगावर न मुरता ओघळून जातं, भर पावसात भाताच्या चिखलात बैल दिवसभर उभा. तो डांगी सांगोल्यात आणला तर त्याच्या रेनकोटचा काही उपयोग नाही, आणि आपला खिलार इगतपुरीच्या पावसाळ्यात नेला तर गारठून जाईल, खुरात चिखल्या होतील. म्हणून "सगळ्यात चांगली देशी जात कुठली" असं कुणी विचारलं की मी आधी "गाव कुठलं" विचारतो.

खाण्याचं. खिलारला कडबा पुरतो असं म्हणतात, ते अर्धं खरं आहे. वशिंडाची गुरं हलक्या, वाळक्या वैरणीवर संकरितांपेक्षा बरी तगतात, कारण एक तर गरज कमी आणि दुसरं म्हणजे शरीरात तयार झालेला युरिया लघवीतून घालवण्याऐवजी लाळेतून परत पोटात आणून त्यातून प्रथिनं बनवायची त्यांची हातोटी चांगली. दुष्काळात हीच हातोटी जीव वाचवते. पण तगणं वेगळं आणि काम करणं वेगळं. औताला जुंपलेल्या बैलाला सरकी पेंड, भुसा, मीठ हे लागतंच, नुसत्या कडब्यावर नांगर ओढायला लावणं म्हणजे उपाशी गड्याला विहीर खणायला उतरवणं.

रोगांचं पण असंच अर्धं खरं. गोचीड यांना कमी लागतात हे खरं आहे, आखूड केस, अंगावर माशी बसली की तेवढीच जागा थरथरवणारा कातड्याखालचा स्नायू, आणि गोचिडाविरुद्ध शरीराची चांगली प्रतिक्रिया. त्यामुळं गोचीड तापानं संकरित गायी पटापट जातात तशा या जात नाहीत. पण "देशीला काही होत नाही" हे वाक्य ज्यांनी २०२२ मध्ये लंपीच्या साथीत म्हटलं त्यांनी नंतर खड्डे खणले. लंपीनं देशी जनावरंही नेली. लस द्यायची म्हणजे द्यायची.

दुधाचं ए-टू प्रकरण सुटणार नाहीच, कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. दुधात बीटा केसिन नावाचं प्रोटीन असतं, २०९ मण्यांची माळ समजा, त्यातला ६७वा मणी कुठला आहे यावर ए-वन की ए-टू ठरतं. आपल्या वशिंडाच्या गायींत बहुतेक ए-टूच असतं, खिलारीतही, आणि म्हशीतही, म्हणजे आयुष्यभर म्हशीचं दूध प्यायलेला माणूस ए-टूच पीत होता, त्याला फक्त बाटलीवर लिहून दोनशे रुपये लावले नव्हते. ए-वननं रोग होतात हा दावा युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये तपासला आणि कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. आपल्याकडं एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेनं, ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरून ए-वन, ए-टूचे दावे काढा असा आदेश दिला आणि आठवड्याभरातच तो मागं घेतला. खिलारीचं दूध चवीला छान, घट्ट, फॅट चारच्या वर. औषध म्हणून विकू नका, एवढंच.

मग एवढं सगळं असून खिलार कमी का होतायत? ट्रॅक्टर. जोडी वर्षभर खाते आणि काम वर्षातले मोजके दिवस, ट्रॅक्टर उभा असताना डिझेल पीत नाही, छोट्या शेतकऱ्याला तर भाड्याचा परवडतो. गायीचं पहिलं वेत यायला चार वर्षांच्या आसपास लागतात, तोपर्यंत नुसता खर्च. २०१५ पासून राज्यात बैल कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळं म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, शेवटची चार-पाच वर्षं तो नुसता सांभाळायचा, ते काहीजण आनंदानं करतात आणि काहींना झेपत नाही. २०१९च्या पशुगणनेत देशभरात देशी गाय-बैल २०१२पेक्षा ६ टक्क्यांनी घटलेले दिसले. २०२४ मध्ये सरकारनं देशी गायीला राज्यमाता जाहीर केलं, गोशाळांना दिवसाला गायीमागं पन्नास रुपये अनुदान ठरलं, पण त्यात ज्याच्या दावणीला दोन खिलारी गायी आहेत त्या शेतकऱ्याच्या हातात काय पडलं हे तोच सांगेल.

आणि शर्यती. आवडो न आवडो, आज खिलार खोंडाला भाव आहे तो शर्यतीमुळंच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा खोंडांचे भाव पडले, पैदास करणाऱ्यांनी हात आखडला, मग २०१७ मध्ये राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टानं अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. तेव्हापासून परत गावोगाव मैदानं. मला शर्यत बघायला आवडते, पण शेपटी पिरगळणारा, खिळा टोचणारा माणूस दिसला की तिथून उठून जावंसं वाटतं, कायद्यात ते बंद आहे, मैदानात अजून पूर्ण बंद नाही. शिवाय नुसत्या वेगासाठी पैदास होत राहिली तर गायीचं दूध, बैलाचा शांतपणा, ओझं ओढायचा दम हे सगळं मागं पडतं ही काळजी आहेच.

शेवटी, घ्यायचाच असेल तर काय बघायचं. खरसुंडीची पौषी यात्रा, म्हसवड, पुसेगावची सेवागिरी यात्रा, सांगोल्याचा रविवारचा बाजार, पंढरपूरची कार्तिकी, यातल्या कुठंही जा. आधी दात. गुरांना पुढचे वरचे दात नसतातच, खाली आठ असतात, दुधाचे असतील तर आदत, पहिली कायमची जोडी आली की दुसा म्हणजे अडीच वर्षांच्या आसपास, मग चौसा, सहादाती, आणि पाचेक वर्षांत सगळे आले की जुळला. मग खांदा दाबून बघा, सूज किंवा जुनी गाठ आहे का. मग बसलेला असेल तर उठवा, कसा उठतो ते बघा. आणि मग चालवून बघा, मऊ मातीवर, विकणाऱ्यानं दोरी धरून, तुम्ही बाजूला उभं राहून. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढं पडला पाहिजे, मागं पडत असेल तर पाऊल आखूड आहे. रंग, शिंगं, काजळ हे सगळं त्याच्यानंतर. किंमत ठरते ती रुमालाखाली, हेड्या म्हणजे दलाल तुमचा हात रुमालात घेईल आणि बोटं दाबेल, तर हात आत घालायच्या आधी मोठ्यानं विचारून घ्या की बाबा एक बोट म्हणजे हजार का दहा हजार, आमच्या त्या मित्रानं विचारलं नव्हतं.